बोथचा स्टुडिओ सहाव्या अ‍ॅव्हेन्यूवर

जर्सी सिटी, अमेरिका
२ ऑक्टोबर २०२४

चि. रुख्मिणीस पद्मिनीवहिनीचे अ. उ. आ. वि. वि.

दर रविवारी व्हिडिओवर तोंड दिसत असताना वहिनीला पत्राचं काय खूळ सुचलं, असं म्हणशील. व्हिडिओवर माझ्या एका खांद्यामागे हेरंब असतो आणि दुसऱ्यामागे देवश्री. मुलासुनेच्या देखत नणंदेशी मनातलं बोलता येत नाही, म्हणून हे पोस्टात घालते. पंधरा-सतरा दिवस लागतील, लागू देत.

बाळ दीड महिन्याचं झालं. नाक तुझ्या दादाचं घेतलं आहे, त्याला इलाज नाही. अंघोळ मीच घालते, कारण देवश्री गुणी असली तरी त्याला काचेच्या भांड्यासारखं धरते. मी आणलेला कॅमेरा मात्र पेटीतच पडून आहे. एकदा बाहेर काढला तर हेरंब म्हणाला की आई, यापेक्षा चांगले फोटो फोनमध्ये निघतात. ज्या कामावर त्याचं इंजिनिअरिंग झालं ते त्याने एका वाक्यात निकालात काढलं.

आता मुख्य गोष्ट. हेरंबचं म्हणणं आहे की मी कायमचं इथेच राहावं. कागदपत्रांचं तो बघणार. बोथचा स्टुडिओ आदिलाबादजवळच्या मावल्याच्या, आपल्या नात्यातल्या पंकजला द्यावा, त्याला मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकायचं आहे, आणि मागच्या दोन खोल्याही त्याला हव्यात. म्हणजे तू राहतेस त्याच. तुझी सोय मावल्याला शुभांगीकडे होईल, तिची माडीवरची खोली रिकामी आहे आणि चुलतबहीण काही परकी नव्हे, असं हेरंब म्हणतो. पंकज पाडव्याला उत्तर घ्यायला तुझ्याकडे येईल. मी हेरंबला हो म्हटलेलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. पासबुकाचे आणि दाखल्याचे फोटो आता सरकारी मीसेवा केंद्रातच निघतात, लग्नात तर प्रत्येक पाहुणाच फोटोग्राफर झाला आहे. आपल्या दारात येतं कोण? तुला काय वाटतं ते स्पष्ट कळव.

काहीही ठरलं तरी या दिवाळीची दंडारी तू सांभाळ. गूड्यावरच्या वस्तीतली गोंड मंडळी मोरपिसांचे टोप घालून, नाचत बोथला आली की आपल्या दारासमोर उभी राहतात, आणि बावीस वर्षांत त्यांचा फोटो एकदाही चुकलेला नाही. या वेळी बटण तुला दाबायचं आहे. घाबरू नकोस.

इथे त्याच दिवसांत हॅलोवीन असतो. यंदा तो नेमका लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आला आहे. शेजारणीने आत्तापासूनच दारात सांगाडा टांगला आहे, आणि कचरा टाकायला निघाले की मी रोज नव्याने दचकते. देवश्री म्हणते की त्या संध्याकाळी न्यूयॉर्कमध्ये माणसं सोंगं घेऊन रस्त्यावर उतरतात. बघू.

गुडघ्याला तेल लावत जा. आठवण ठेवतेस तेवढीच ठेव, जास्त ठेवलीस तर मला उचक्या लागतात.

तुझी,
पद्मिनीवहिनी


बोथ, जि. आदिलाबाद
२१ ऑक्टोबर २०२४

ती. पद्मिनीवहिनींस रुख्मिणीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र परवा पोचलं. पाकिटावरची तिकिटं पोस्टमनने नातीसाठी मागून घेतली.

इकडे बरं आहे. दसऱ्याआधी सद्दुल बतुकम्माच्या दिवशी अकरा पोरी थरावर थर रचलेल्या फुलांच्या बतुकम्मा डोक्यावर घेऊन फोटोला आल्या. एकीची पंख्याला लागली आणि दोन दिवस मी केर काढताना पिवळी फुलं गोळा करत होते. तुम्ही जमिनीवर चुन्याने खूण करून गेलात, त्या खुणेवरून कॅमेऱ्याचा स्टँड तसूभर हललेला नाही. तहसील कचेरीतला नवा शिपाई इतका उंच निघाला की त्याचं डोकं वर जाऊ लागलं. स्टँड हलवायची माझी छाती झाली नाही, म्हणून त्यालाच गुडघे वाकवायला सांगितलं. फोटोत तो भ्यालेला दिसतो, पण दरखास्त मंजूर झाली म्हणे.

समोरची फुलवाली गयाबाई रोज विचारते की मोठ्या बाई कवा येऊन राह्यल्या, आन नातवाले संगंच आनतात का. झेरॉक्सवाला गोपाल तिला सांगतो की त्या काऊन येतील आता, तिकडं नळालेच गरम पानी येते. मी दोघांनाही हसून दाखवते.

स्पष्ट कळव म्हणालात म्हणून लिहिते. तुम्ही नातवाजवळ राहावं हे बरोबरच आहे, हेरंबला मीही मांडीवर वाढवला आहे. पण पत्र वाचून मला वाईट वाटलं. शुभांगी चांगली आहे, तिच्या माडीवर ऊनही छान येतं. तिथे मी दिवसभर करू काय? मला दुसरं काही येत नाही. सकाळी शटर उघडते, आरसा पुसते, कंगवे धुते, आणि आलेल्या माणसाला हात लावू का असं विचारून मग त्याची कॉलर सरळ करते. बावीस वर्षं एवढंच केलं. लग्न झालं नाही त्याचं कधी काही वाटलं नाही, पण हे गेलं तर वाटेल. तरी निर्णय तुमचा. स्टुडिओ तुमचा आणि पाटीवर नावही तुमचं.

दंडारीसाठी रोज रात्री कॅमेऱ्याची बटणं पाठ करते आहे.

बाळाला माझ्या वाटचा पापा. रागावलात तर रागवा, पण माया कमी करू नका.

आपली,
रुख्मिणी


जर्सी सिटी
२ नोव्हेंबर २०२४

चि. रुख्मिणीस अ. उ. आ.

तुझं उत्तर अजून हाती आलेलं नाही, पण मला दम निघत नाही.

परवा लक्ष्मीपूजन आटोपून, बाळाला हेरंबवर सोपवून मी आणि देवश्री न्यूयॉर्कला गेलो. कॅमेरा मी गळ्यातच अडकवला होता. सहाव्या अ‍ॅव्हेन्यूवरून सोंगांची मिरवणूक निघते. सोंग घेतलेल्या कुणीही तिच्यात चालावं, बाकीच्यांनी कठड्यामागून बघावं, असा रिवाज आहे. कठड्यामागे माझ्या उंचीच्या बाईला फक्त पाठी दिसतात. तेव्हा देवश्री मला बाजूच्या गल्लीत घेऊन गेली, जिथे ही सोंगं आधी गोळा होतात.

रुख्मे, काय लोक ते. एक माणूस फ्रिज झाला होता. पोटाचं दार उघडलं की आत दिवा लागायचा आणि खऱ्या कोथिंबिरीची जुडी दिसायची. एकाने अंगाभोवती न्हाणीचा पडदा लावून घेतला होता आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्याकडे साबण मागत होता. सत्तरीचं एक जोडपं एकमेकांचे लग्नातले कपडे घालून आलं होतं. आजोबांना आजींचा झगा पाठीत पुरत नव्हता, म्हणून मानेपासून कमरेपर्यंत सेफ्टी पिना. एका बाईने कबुतर होण्यासाठी कापडाची शेकडो पिसं हाताने शिवली होती. मी पंख उलटून शिवण पाहिली, एकही टाका लांब पडलेला नव्हता. आणि हे सगळं एका संध्याकाळपुरतं. कुणाची बळजबरी नाही, बक्षीस नाही. मला त्या माणसांचा फार आदर वाटला.

पण त्यांच्या मागे कचऱ्याच्या काळ्या पिशव्या. कचऱ्यासमोर मी फोटो काढत नाही हे तुला ठाऊकच आहे. निघताना पिशवीत निळी चादर घातली होती, देवश्रीला बसायला म्हणून सांगितलं होतं. एका इमारतीचं काम चाललं होतं, तिच्यापुढे फुटपाथवर लोखंडी परांची आणि परांचीखाली भरपूर दिवे. चादर तिथे बांधली आणि स्टुडिओ उघडला. पहिला आला तो सहा फुटी सांगाडा. त्याच्या गळ्यातला बो वाकडा होता. मी खूण केल्यावर तो मुकाट्याने वाकला, मी बो सरळ केला, हनुवटी जरा खाली घेतली आणि बटण दाबलं. त्याच्यामागे रांग लागली.

माझ्या अंगात आलं होतं, दुसरं काय. तेवढ्यात एक नवरी पुढे आली. पांढरा झगा, हातात फुलं, आणि कपाळापासून नाकावरून गालापर्यंत लाल ओघळ. आपल्याकडे मेच्या उन्हात किती नवऱ्यांचं कुंकू घामाने असं पसरतं. माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही. रुमाल पाण्यात भिजवला, तिची हनुवटी धरली आणि सगळं स्वच्छ पुसून टाकलं.

ते रक्त होतं. म्हणजे रंगाचं. ती लग्नाच्या दिवशी खून झालेली नवरी होती आणि ते ओघळ काढायला तिला दोन तास लागले होते. देवश्रीने हे मला दात आवळून मराठीत सांगितलं. नवरीने हातातली फुलं मैत्रिणीकडे कोंबली. रांगेतली भुतंसुद्धा दोन पावलं मागे सरली. चादर गुंडाळावी आणि घरी जावं, इथल्या नव्हे, बोथच्याच घरी जावं असं मला वाटलं.

पण देवश्रीच्या पर्समध्ये देवळातली कुंकवाची पुडी होती, हाताला लावायचं क्रीम होतं, आणि नवरीच्या मैत्रिणीकडे बारीक ब्रश निघाला. डाग पडलेल्या जुन्या फोटोंमध्ये किती गेलेल्या माणसांच्या भुवया मी ब्रशने पुन्हा काढल्या आहेत, मग एका जखमेचं काय? क्रीममध्ये कुंकू कालवलं, कडेला किंचित काजळ मिसळलं म्हणजे रक्त वाळल्यासारखं दिसतं. दहा मिनिटांत खून पुन्हा झाला, पहिल्यापेक्षा बरा. नवरीने तोंड पाहिलं आणि मला मिठी मारली. मग मागच्या दोघांनीही कपाळं पुढे केली.

दीड तास रांग संपली नाही. मिरवणूक आम्ही पाहिलीच नाही, नुसते ढोल ऐकले. प्रत्येकाच्या हातात फोन होता, हेरंब म्हणतो तसले चांगले फोटो काढणारा. तरी ही माणसं निळ्या चादरीसमोर उभं राहायला का थांबली, याचा मी दोन दिवस विचार करते आहे. उमजलं की लिहीन. पंकजला एवढ्यात किल्ली देऊ नकोस, असं लिहिते आणि लिहितानाच लक्षात येतं की पाडवा आजच आहे. फोन करावा तर सांगू काय? माझंच नक्की नाही.

फराळाचं सगळं केलं, पण तुझ्यासारखी चकली साधली नाही. दुरून का होईना, जीव लावतेस तशीच लाव.

तुझी,
पद्मिनीवहिनी


बोथ
९ नोव्हेंबर २०२४

ती. वहिनींस शि. सा. न. वि. वि.

सोबत फोटो आहे. आधी पत्र वाचा आणि मग तो बघा, नाहीतर ओरडाल.

दंडारी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, बुधवारी दुपारी आली. नाचणारे तेरा गुस्साडी, अंगाला राख, डोक्यावर ते भलेथोरले टोप. त्या दिवसांत त्यांच्या अंगात देव असतो आणि कुणी त्यांना हात लावत नाही, तेव्हा कॉलर सरळ करायचा माझा उद्योग बंद. गूड्याच्या लक्ष्मणराव पटेलांनी विचारलं की मोठ्या बाई काऊन नाही आल्या. नातवासाठी गेल्या आहेत म्हटल्यावर ते म्हणाले की मंग तू काढ, आमी काही पळून नाही राह्यलो.

मी स्टँड बाहेर आणला, चुन्याची खूण आतच राहिली. कसंबसं बटण दाबलं. मंडळी पुढे निघाली, तेव्हा कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं तर तेरा चेहरे व्यवस्थित, आणि एकाही टोपाचं एकही पीस नाही. माणसांनी इतके दिवस खपून बांधलेले टोप मी वरच्या वर छाटून टाकले होते. वहिनी, जन्मात पहिल्यांदा मी भर बाजारात ओरडून माणसं थांबवली. चूक माझी आहे, पुन्हा उभे राहा असं सांगितलं. ते हसत परत आले.

मग कॅमेरा हातात घेऊन सगळे टोप मावेपर्यंत मी मागे सरत गेले. मागे गयाबाईचा दिवाळीच्या झेंडूचा ढीग होता. त्यात मी बसले. गयाबाई ओरडली की बाई, देवाचे फुलं हायेत, बसाचा पाट नाही. सगळा बाजार हसला, तेराही गुस्साडी हसले. उठण्याआधी सहज कॅमेऱ्यातून पाहिलं, तर खालून बघताना सगळे टोप आभाळाला लागले होते. तशीच बसून बटण दाबलं. गयाबाईची सगळी फुलं मी घेतली, या वर्षी स्टुडिओला सहा तोरणं आहेत.

आता दुसरं. पाडव्याला पंकज आला तो टेप घेऊनच आला. मागच्या खोलीचं माप घेता घेता माझ्या पलंगाखालून टेप सरकवत त्याने विचारलं की आत्या, हा पलंग ठेवून जाता का. मी नाही म्हटलं. पलंगालाही आणि दुकानालाही. स्टुडिओ चालू आहे आणि चालू राहील, असं त्याला ठणकावून सांगितलं. तो गेला आणि मग मी दाराला आतून कडी घातली, कारण हे सांगायचा मला अधिकार नव्हता. रविवारी व्हिडिओवर याच भीतीने नुसतं फराळाचंच बोलले.

तुम्ही तिकडे राहिलात तरी मला इथे राहू द्या. हक्काने मागत नाही, विनंती करते. पाहिजे तर तुमच्या नावानेच चालवीन. उत्तर काहीही आलं तरी तुमच्यावरची माया हलायची नाही.

आपली,
रुख्मिणी


जर्सी सिटी
२७ नोव्हेंबर २०२४

चि. रुख्मिणीस अ. उ. आ.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं वाचून मला माझीच लाज वाटली. माणसाची आयुष्यभराची जागा काढून घेताना मी शुभांगीच्या माडीवरच्या खोलीचं कौतुक लिहिलं होतं.

आधी फोटोचं बोलते. वर विजेची तार आली आहे. उजवीकडे गोपालच्या झेरॉक्सची अर्धी पाटी आहे आणि खाली झेंडूचं एक फूल मध्येच घुसलं आहे. मी असते तर हे सगळं टाळलं असतं. आणि मी असते तर ते तेराजण हसलेही नसते. माझ्या बावीस फोटोंत ते नुसते उभे आहेत, कारण मी सरळ उभे राहा म्हणून बजावते. तुझ्या फोटोत ते तुझ्याकडे बघताहेत. माझ्या बावीसांत असा एकही नाही. हे एवढं वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले.

आता ती रांग का लागली ते. देवश्रीने हॅलोवीनचे फोटो ज्याचे त्याला पाठवले आणि आलेली उत्तरं मला वाचून दाखवली. सांगाड्याने लिहिलं की शाळेच्या फोटोआधी माझी आई असाच टाय सरळ करायची. कबुतर झालेली बाई म्हणते की माझी शिवण उलटून पाहणाऱ्या तुम्ही एकट्याच. नवरीने लिहिलं की आधी फार राग आला होता, पण नंतर घरी गेल्यावर तोंड धुववेना. फोटो चांगला आला एवढंच कुणीही लिहिलं नाही.

रुख्मे, हे माझं काम नव्हे. कॉलर, केस, पदर, कुंकू हे सगळं तुझं. मी बावीस वर्षं बटण दाबलं आणि शाबासकी घेतली. न्यूयॉर्कला तू सोबत नव्हतीस म्हणून ते मी केलं, आणि तेही धड नाही. तू असतीस तर नवरीला आधी विचारलं असतंस. लोक उभे होते ते तुझ्या हातासाठी, आणि तू बोथला पलंग वाचवत होतीस.

हेरंबला मी सांगितलं की पंकजला दिलेलं उत्तर माझंच समज. नातवापेक्षा दुकान मोठं झालं का, असं तो म्हणाला आणि दोन दिवस तुटकच बोलला. मला राग आला नाही, रडू आलं. बाळ आता मला पाहून हसतं, त्याला सोडून निघणं सोपं नाही. पण दरवर्षी उन्हाळ्यात येईन म्हटलं, आणि देवश्रीने माझी बाजू घेतली. वीस जानेवारीचं तिकीट काढलं आहे. हेरंबनेच काढलं.

खोल्या तुझ्या, स्टुडिओ आपल्या दोघींचा. पाटीवर तुझंही नाव हवं, मी आले की रंगवून घेऊ. आणि पुन्हा मला विनंती वगैरे लिहिलीस तर पत्र न फोडता परत पाठवीन. माया कशी ठेवायची ते तुला सांगायला नको.

तुझी,
पद्मिनी


बोथ
१५ डिसेंबर २०२४

ती. वहिनींस शि. सा. न.

तुमचं पत्र दारातच उभ्याने वाचलं आणि रडले. गयाबाईला वाटलं की तिकडे कुणाचं काही झालं, ती फुलं टाकून धावत आली. तिला म्हटलं की मोठ्या बाई येऊन राह्यल्या. तीही रडली, मग दोघी चहा प्यालो.

थंडी पडली आहे, कापसाच्या गाड्यांनी रस्ता भरलेला असतो. गोपालची जीप घेऊन मी नागपूरला विमानतळावर येईन. हेरंबला सांगा की त्याच्या आईला मी नीट सांभाळीन, आणि त्याच्यावर माझा राग नाही.

लोक माझ्या हातासाठी थांबतात असं तुम्ही लिहिलंत. वहिनी, ते मला पहिल्यापासून माहीत होतं. तुम्हालाही माहीत असेल असंच मला वाटायचं, म्हणून मी कधी बोलले नाही.

लक्ष्मणराव पटेल परवा त्यांची प्रत घेऊन गेले. आपली प्रत मी भिंतीवर तुमच्या बावीस फोटोंशेजारी लावली आहे. त्या बावीसांखाली तुमचं नाव आहे. याच्याखाली मी माझं लिहिलं, तुमच्याइतक्याच मोठ्या अक्षरात. आल्यावर ते लहान करायला सांगाल, तर मी करणार नाही.

लोभ आहे तेवढा घेऊन या, बाकीचा इथे ठेवलेला आहे.

आपली,
रुख्मिणी